दहापैकी दोन

पोरांनो, बोलतीय आजी, टाइप करतीय नात.

आज तिसगावात दुखण्याच्या डॉक्टरांचं शिबिर हुतं. परदेशी लोकांच्या दानावर ही मंडळी खास दुखणं हटवायला शिकलीत. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतं?"

मी म्हनलं, "दोन." मला गुडघे दोनच हायेत की!

गुडघ्यातलं इंजेक्शन राहिलं, हातात मलम आलं. बाहेर नात म्हनली, "अगं, दोन म्हंजी जरासंच, दहा म्हंजी लई दुखतं!" परत आत गेलो, तर शिबिर उठलेलं.

ठणकतंय का, कळ येती का, एवढं विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. खाली बसले की मला उठवायला अजून दोघी लागत्यात.

दान देणाऱ्यांचं भलं हुवो. पण डॉक्टरांना शिकवायला एखादी म्हातारी मास्तरीण ठेवा की! तुमच्या आजीला कुनी विचारलं का, कसं दुखतं?