चिठ्ठीसाहेबांचं कपाट

पंख्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. एरवी सगळे त्यांना चिठ्ठीसाहेब म्हणत. जाळीच्या खिडकीमागे ते बावीस वर्षं बसले होते आणि त्या बावीस वर्षांत चिठ्ठीशिवाय त्यांच्या हातून एक स्क्रूसुद्धा बाहेर गेला नव्हता. एकदा खुद्द मॅनेजरच्या खुर्चीचं चाक निखळलं. पण चिठ्ठीवर वरच्या साहेबाची सही हवी आणि मॅनेजरच्या वरचं त्या दिवशी जागेवर कुणी नव्हतं, म्हणून मॅनेजर दिवसभर एका अंगाला कलून बसले. चिठ्ठीसाहेबांना त्याचं वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

त्या वर्षी कारखान्याने ओव्हरटाइम बंद केला आणि त्याच महिन्यात घरमालकाने भाडं वाढवलं. चिठ्ठीसाहेबांनी सुट्टीच्या दिवशी सकाळीच घरच्यांची सभा बोलावली. सभेला तिघीजणी होत्या. बायको एका पडद्यांच्या दुकानासाठी घरी शिलाई करायची, ती मशीनवरून उठलीच नाही. मुलगी कॉलेजात होती, तिचे डोळे फोनमध्ये. आणि सासूबाई. त्या पोस्टाच्या खिडकीत छत्तीस वर्षं बसून निवृत्त झाल्या होत्या आणि लेकीकडे राहत होत्या. सभा म्हटल्यावर त्या चष्मा पुसून सावरून बसल्या.

"घरात गळती आहे," चिठ्ठीसाहेब म्हणाले. "साखर, साबण, काडेपेटी. कोण किती घेतं याचा पत्ता नाही. उद्यापासून सगळं कपाटात, कपाटाला कुलूप आणि माल चिठ्ठीवर."

बायकोने मशीन थांबवलं. "म्हणजे मी चहाला साखर हवी म्हणून तुम्हाला अर्ज करायचा?"

"अर्ज नाही गं. चिठ्ठी. वस्तू, किती, कशासाठी आणि सही."

"आणि पोच?" सासूबाईंनी विचारलं.

"पोच कसली?"

"चिठ्ठी दिली, पण माल मिळालाच नाही, तर? पोच द्यावी लागेल, जावईबापू. तारखेसकट."

चिठ्ठीसाहेबांना मनापासून आनंद झाला. घरात कुणीतरी जाणकार होतं म्हणायचं! आपण कुणाच्या हातात काठी देतोय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

जुन्या कॅलेंडरची पानं कापून त्यांच्या पाठीवर चिठ्ठ्या तयार झाल्या. कपाटाची वेळ ठरली: सकाळी सात ते सात वीस, संध्याकाळी सहा ते साडेसहा. किल्ली चिठ्ठीसाहेबांच्या खिशात. पहिल्याच आठवड्यात मुलीची शाम्पूची चिठ्ठी "केस गेल्याच आठवड्यात धुतले आहेत" असा शेरा मारून परत गेली. त्यावर मुलगी दोन दिवस बापाशी बोलली नाही. तेवढीच शब्दांचीही बचत.

सासूबाईंच्या चिठ्ठ्या मात्र बघण्यासारख्या असत. "वस्तू: काडी. नग: एक. कारण: गॅस पेटवणे. परत करणार का: होय, जळलेली." आणि खरोखरच संध्याकाळी जळकी काडी कागदात गुंडाळून त्या पोच मागायच्या. पुढे त्यांनी लिहिलं, "चहापत्ती. नग: मोजता आले नाहीत, खिडकीतून वारा होता." चिठ्ठीसाहेब सात वाजून एका मिनिटाने आले, तरी त्या कपाटासमोर स्टूल टाकून बसलेल्या असत. "खिडकी उशिरा उघडली. तक्रार कुठे नोंदवायची?" एकदा दुपारी त्यांची जुनी मैत्रीण आली. चहा बिनसाखरेचा दिला. "साखर मंजूर झालीय गं," सासूबाई तिला समजावत होत्या, "पण अधिकारी कामावर गेलेत."

महिना संपला तेव्हा चिठ्ठीसाहेबांनी कपाटातला माल मोजला आणि त्यांचे डोळे भरून आले. साखर निम्मी शिल्लक. साबणाची दीड वडी शिल्लक. दुसऱ्या महिन्यात त्याहून जास्त. तिसऱ्या महिन्यात तर चहापत्तीची पुडी फोडावीच लागली नाही. माणसं चहा पिताना दिसत होती, हे खरं. पण चिठ्ठीसाहेबांचा विश्वास डोळ्यांपेक्षा आकड्यांवर जास्त होता.

घरात मात्र त्यांच्या पाठीमागे दुसरंच दुकान चालू होतं. बायको शिलाईच्या पैशांतून साखर, साबण, शाम्पू आणायची. साखर मशीनच्या खणात रिळांखाली, साबण पडद्यांच्या गठ्ठ्यात. चहापत्ती सासूबाईंच्या ट्रंकेत, कारण ट्रंकेला हात लावायची जावयाची छाती नव्हती. कपाटातून थोडंफार काढायचं ते फक्त संशय येऊ नये म्हणून. सुटं सुटं आणल्यामुळे सगळं महाग पडायचं, पण कटकट वाचायची. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, तसला हा कारभार.

चिठ्ठीसाहेबांना मात्र आकाश ठेंगणं झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत ते कारखान्यात सांगत सुटले, "चाळीस टक्के! घरखर्चात चाळीस टक्के कपात!" ते मॅनेजरच्या कानावर गेलं. मॅनेजरांनी त्यांना कामगारांसमोर भाषण करायला लावलं. चिठ्ठीसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. चिठ्ठीची पद्धत नीट बसली की माणसाला काही बघावंच लागत नाही, चिठ्ठीच सगळं बघते, असं त्यांनी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मॅनेजरांनी वाजवल्या.

आठवड्याभराने मॅनेजरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्या भाषणावर मी खूप विचार केला," मॅनेजर म्हणाले. "चिठ्ठीच सगळं बघते. मग खिडकीत माणूस कशाला?"

चिठ्ठीसाहेबांना वाटलं, साहेब गंमत करताहेत. ते थोडं हसलेसुद्धा.

"स्टोअर उघडं ठेवू. ज्याला जे हवं त्याने चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. तुम्ही गेटवर बसा. गाड्यांचे नंबर लिहा. स्टोअरचा भत्ता तेवढा जाईल. बचत बचत म्हणतात ती हीच, नाही का?"

संध्याकाळी घरी आल्यावर चिठ्ठीसाहेब खुर्चीत बसले ते बसलेच. सहा वाजून गेले तरी कपाट उघडलं नाही. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, पण जावयाचा चेहरा बघून त्यांनी हातातली चिठ्ठी हळूच चुरगळली. बायकोने विचारलं, "काय झालं?" त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "काही हरकत नाही. घरात आपण चाळीस टक्के वाचवतोय. भत्ता गेला तरी निभेल."

बायको उठली, मशीनचा खण उघडला आणि रिळांखालचा साखरेचा डबा त्यांच्यासमोर ठेवला. मग साबण. मग आईकडे पाहिलं. सासूबाई ट्रंक उघडायला गेल्या.

चिठ्ठीसाहेब एकेका वस्तूकडे बघत राहिले. नोकरीची जागा गेली तेव्हा पडला नव्हता एवढा त्यांचा चेहरा आता पडला.

"म्हणजे चाळीस टक्के..."

"नव्हते कधी."

"मी चारशे माणसांसमोर सांगितले गं."

"ते तुमचं तुम्ही बघा," बायको म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "किल्ली द्या."

त्यांनी दिली. तिने कुलूप काढून खिळ्यावर टांगलं, चार कप चहा केला आणि सगळ्यांच्या कपात साखर न विचारता घातली.

पुढचे महिने ओढाताणीचे गेले. घर बायकोने चालवलं, तेही गाजावाजा न करता. साखर पुन्हा महिन्याची एकदम येऊ लागली. भाजी ती बाजार उठायच्या वेळी आणायची. मुलीला सरळ सांगितलं, "या महिन्यात बूट नाहीत, पुढच्या महिन्यात नक्की." आणि पुढच्या महिन्यात बूट आलेही. दुकान तिला एका पडद्यामागे फार कमी द्यायचं. तिने शेजारणींना विचारून थेट गिऱ्हाइकं धरली. मग प्रश्न आला मापं घ्यायचा. चिठ्ठीसाहेबांची गेटवरची पाळी दुपारी सुटायची. एक दिवस ते टेप घेऊन तिच्याबरोबर गेले आणि एकाच खिडकीचं माप तीनदा घेतलं. गिऱ्हाईक वैतागलं, पण पडदा असा बसला की त्या बाईने आपल्या बहिणीचंही काम आणून दिलं. कापड बेतायलाही ते बसू लागले. पूर्वी ज्या कापडात तीन पडदे निघायचे, त्यात आता एका उशीचा अभ्राही निघू लागला. "जावईबापूंना काम सापडलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे मेडलच.

पाचव्या महिन्यात मॅनेजरांचा माणूस गेटवर आला. स्टोअरमधले बेअरिंग संपले होते, तांब्याची तार पायवाटेने चालत गेली होती आणि पेटीत चिठ्ठ्या सापडल्या फक्त सात. त्यांतली एक कोरी, नुसत्या सहीची. चिठ्ठीसाहेबांना जुन्या खिडकीत परत बोलावलं होतं, भत्त्यासकट. त्यांनी घरी विचारून सांगतो म्हटलं. बावीस वर्षांत असलं उत्तर त्यांच्याकडून कुणी ऐकलं नव्हतं.

"जा की," बायको म्हणाली. "पण सुट्टीचा दिवस माझा. दुसरं मशीन घ्यायचंय, कामं वाढलीत."

ते परत गेले. खिडकीत पहिल्यासारखेच कडक होते. घरी मात्र सुट्टीच्या सकाळी जमिनीवर कापड पसरून खडूने रेघा मारत. असंच एकदा त्यांनी कात्री उचलली, तेव्हा बायको मशीनवरून वाकून म्हणाली, "खाली चार बोटं जास्त सोडा."

"चार? दोन पुरतात. कापड वाया जाईल."

"लोक पडदे धुतात हो. आटतात ते."

त्यांनी क्षणभर विचार केला, खडूची रेघ पुसली आणि पाच बोटं सोडून कापलं.