काठवटीतलं अत्तर

नातीने नवं सेंट लावलं आणि खोलीभर लाकडाचा, उबदार, मधासारखा वास पसरला. मी थेट सोनपेठच्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि वडील कचेरीत कारकून होते. त्यांच्या हैदराबादच्या स्नेह्यांनी अंबराच्या अत्तराचा फाया माझ्या कानात खोचला. तो सारखा पडायचा, म्हणून गोदाआत्याने चिमटीत धरून घट्ट बसवला. आत्या विधवा होती, तिला सुगंध वर्ज्य. तिने हात दोनदा राखेने घासले आणि ती भाकरी करायला बसली.

काठवटीतल्या पिठात ऊन पाणी पडलं, तिने मळायला घेतलं, आणि तो वास उसळून वर आला. आत्याचे हात थांबले.

"दादाला कळंल आता," ती पुटपुटली. मग तिने डोळे मिटून एक खोल श्वास घेतला. तिचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी बघतच राहिले.

वडिलांनी पहिला घास तोंडात घेतला आणि ते क्षणभर थांबले.

"गोदे, आणखी अर्धी दे. भाकर लय चांगली झालीय आज."

वडिलांना वास आलाच नाही, असं मला पुढे कित्येक वर्षं वाटत होतं.