शेख सरांची प्रार्थनेची पाळी

"मॅडम, त्या शेख सरांना सकाळची प्रार्थना घेता येईल का?" पाळकसाहेबांनी विचारलं. ते चर्चचे धर्मगुरू, आणि आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष.

"दहावीला गणिताचा मास्तर नाही, आणि तुम्ही प्रार्थनेचं काय घेऊन बसलात!" मी म्हटलं. माझं डोकंच फिरलं होतं.

मी उस्मानपुऱ्याजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळा जुन्या अँग्लिकन मिशनची, अनुदानित. म्हणजे मॅनेजमेंट चर्चचं. पगार आणि अभ्यासक्रम सरकारचा. पोरं सगळ्या जातिधर्मांची. बऱ्याच जणांचे वडील वाळूजच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये. ट्यूशन कुठून लावणार? जे काय शिकायचं ते वर्गातच.

आमचे गणिताचे सर रिटायर झाले आणि शिक्षण विभागानं शेख सरांना पाठवलं. ते 'अतिरिक्त' होते. त्यांच्या शाळेत मुलं घटली, जागा गेली. अशा शिक्षकाला रिकामी जागा असेल तिथं बसवतात. आमची शाळा अल्पसंख्याक, म्हणून आम्हाला नाही म्हणता येतं. कमिटी नाहीच म्हणायला निघाली होती. आमच्याकडं प्रत्येक शिक्षक पाळीनं प्रार्थना घेतो, बायबलमधला शास्त्रपाठ वाचतो. ती रीत मोडेल, ही धास्ती.

"आपला माणूस बघू की," एक मेंबर म्हणाले.

"बघा. तोवर पोरांची बोर्डाची परीक्षा उरकलेली असेल."

शेवटी शेख सरांनाच आत बोलावलं.

"साहेब, खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "तुमची प्रार्थना मला पाठ नाय. चालू असंल तवर मी अदबीनं उभा राहीन. घ्यायला मात्र सांगू नका. गणिताची जिम्मेदारी माझी."

झालं, मला वाटलं, गेला हा माणूस हातचा.

पाळकसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली. मग म्हणाले, "तोंडदेखलं म्हणण्यापेक्षा हे लई बरं. मॅडम, यांची पाळी मी घेतो. दर गुरुवारी." मला इतका आनंद झाला, की त्या मेंबरलाही मी स्वतःहून चहा विचारला.

आता पाळकसाहेब बोलायला लागले की थांबत नाहीत. गुरुवारी दहावीचा पहिला तास गणिताचा, तो निम्मा प्रार्थनेतच जायचा. शेख सर अदबीनं उभे; डोळे मात्र घड्याळाकडं.

दहावीची सगळी पोरं गणितात पास झाली. नाही म्हणायचा अधिकार शाळेला असावाच. पण वर्गात मास्तर नसताना तो वापरू नये. आणि गुरुवारचा पहिला तास पीटीचा ठेवावा.