गोगलगायीच्या हातातली बॅटरी

थिएटरच्या दारावरचा डोअरकीपर इतका संथ आणि गरीब होता की सगळे त्याला गोगलगाय म्हणत. उशिरा आलेल्या प्रेक्षकाला तो अंधारात बॅटरी दाखवत, आजारी माणसाला न्यावं तसा खुर्चीपर्यंत नेई. टवाळ पोरांनी शिट्ट्या मारल्या तर म्हणे, "दादा, जरा हळू." हळू शिट्टी कशी मारतात ते त्यालाच ठाऊक!

मालकीणबाईंना हे मुळीच मानवत नसे. नवरा गेल्यावर थिएटर त्यांनी एकटीनं उभं ठेवलं होतं. "मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात," त्या त्याला बजावत. शेवटी त्यांनी त्याची प्लॅस्टिकची बॅटरी काढून घेतली आणि स्टीलची, लांब दांड्याची, चांगली वजनदार आणून दिली. "हातात नुसती दिसली तरी लोक वचकून राहतील."

हळूहळू त्याचा आवाज चढू लागला. एकदा त्यानं एकाची गचांडी धरली, तर बाईंनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. तो लाजून हसला.

मग एका खेळाला एक म्हातारे कारकून दुसऱ्याच्याच खुर्चीत बसले आणि काही केल्या उठेनात. शब्दाला शब्द लागला. बाई दारात आल्या आणि ओरडल्या, "अरे, बॅटरी काय नुसती उजेडाला दिलीय?" त्यानं ती उगारली आणि मारली. म्हाताऱ्यांचा एक कान कायमचा गेला.

"गोगलगाय नि पोटात पाय," लोक बोलून मोकळे झाले. त्याला शिक्षा झाली. म्हाताऱ्यांनी थिएटरवरही भरपाईचा दावा लावला.

वकील बाईंना म्हणाले, "नोकरानं कामावर असताना हात उचलला तर मालकाला हात झटकता येत नाहीत. पण तो त्याचा स्वतःचा राग होता असं ठरलं, तर थिएटर वाचेल. नाहीतर विकावं लागेल."

बाईंचं दारातलं ओरडणं सिनेमाच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नव्हतं. त्या कोर्टात म्हणाल्या, "मी काही सांगितलं नव्हतं. माणूस मुळातच तापट." साक्षीसाठी तुरुंगातून आणलेल्या त्याला विचारलं, तेव्हा तो एवढंच बोलला, "बाई म्हणतात तसंच."

थिएटर वाचलं. म्हाताऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. बाईंना मात्र स्वतःची शरम वाटू लागली. त्यांनी नवा डोअरकीपर ठेवलाच नाही. जुनी प्लॅस्टिकची बॅटरी घेऊन त्या स्वतःच दारावर उभ्या राहत.

सुटल्यावर तो भेटायला आला. बाईंनी घाईघाईनं ती बॅटरी त्याच्यापुढे धरली. "उद्यापासून ये कामावर."

"नको बाई. अंधारात माणसांजवळ जायची भीती वाटते."

"कुणाची भीती?"

"माझीच. तुम्ही कोर्टात बोललात त्यावर आत बसून खूप विचार केला. मी मुळातच तापट. इतकी वर्षं मलाच कळलं नाही."

"खोटं बोलले रे मी! तू तसा नव्हतास. मीच तुला तसं करायला लावलं."

आजारी माणसाची समजूत घालावी तसा तो हसला.

"तुमचं मन मोठं आहे, बाई," तो म्हणाला आणि सावकाश पायऱ्या उतरून गेला.