माझ्या नायट्याची डॉक्टर

माझ्या नायट्याची डॉक्टर काल गेली.

जमीला. शिक्षण सातवी. दवाखाना आमच्या विहिरीच्या मागे. पेशंट एकच, मी.

वणीहून आल्यापासून मी मधेच रडते आणि मधेच हसते. नात म्हणाली, आजी, लिहून टाक. म्हणून ही पोस्ट. टायपिंग तिचं, बडबड माझी.

साठ-एकसष्ट साल असेल. आम्ही आर्णीला राहायचो. जमीलाचे अब्बा टेलर, त्यांची आणि आमची भिंत एकच.

दोघी एकदमच सातवी पास झालो. तिचं लग्न वणीला ठरलं. आणि मला यवतमाळच्या नॉर्मल स्कूलमध्ये सीट मिळाली! म्हणजे मास्तरणीचं ट्रेनिंग, वर होस्टेल. माझे पाय जमिनीवर नव्हते.

पत्राच्या खाली मात्र एक ओळ होती. त्वचेचा रोग असलेल्या मुलीला होस्टेलमध्ये घेणार नाही, आल्याबरोबर तपासणी होईल.

आणि माझ्या मानेवर, वेणीच्या खाली, बंद्या रुपयाएवढा नायटा.

बाबांनी आधीच बजावलं होतं. यंदा गेली तर गेली, नाहीतर पुढच्या वर्षी लग्न.

हातात तीन आठवडे. दवाखान्यात जावं तर कंपाउंडर शेजारच्याच गल्लीतला, संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून आमचं रिसर्च सेंटर सुरू.

पहिला प्रयोग, राख आणि लिंबू. मी विहिरीभोवती दोन चकरा मारल्या, इतकी आग झाली.

दुसरा, कडुनिंबाचा पाला वाटून. आग नाही, फरक नाही, फक्त मान हिरवी. आईने विचारलं, हे काय? मी म्हटलं, घामोळ्या.

तिसरा जमीलाचा खास. तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, बिया आंबट ताकात भिजवायच्या, चार दिवसांनी वाटून लेप. वास असा, की आई घरभर मेलेला उंदीर शोधत फिरली. आम्हीही तिच्यासोबत शोधत होतो. शपथ सांगते, इतकं हसू मी आयुष्यात कधी दाबलेलं नाही.

आणि एक नियम होता. कुठलंही औषध आधी जमीलाच्या मनगटावर लागायचं. एक दिवस वाट पाहायची, मग माझ्या मानेवर.

मी म्हटलं, काहून?

"तुही मान तपासतीन. माहा हात कोण तपासते?"

तरोट्याने खाज थांबली. पण डाग काही हलेना आणि मला धीर धरवेना. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

बाबा टाचेच्या भेगांना बिबा लावायचे. दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल ठिबकायला लागलं की भेगेत. बाबांच्या टाचेला काही होत नाही, मग माझ्या मानेला काय होणार? हे माझं लॉजिक. त्यांची टाच नांगरामागे चालून दगड झालेली आहे, हे डोक्यातच आलं नाही.

मी बिबा चोरून आणला. जमीला नको म्हणाली. मी रुसले, रडले, तू मला जाऊच देणार नाहीस असंही म्हटलं. हे सांगताना आजही लाज वाटते.

तिने बाही वर केली आणि हात पुढे धरला. थेंब मीच टाकला.

दुसऱ्या दिवशी तिचं मनगट पावासारखं फुगलेलं. पाण्याचे फोड, कोपरापर्यंत लाल. बिबा उतला होता. लग्न बारा दिवसांवर.

तिच्या अम्मीने खोबरं वाटून थापलं आणि हे कशानं झालं म्हणून विचारलं. मी दारात उभी. मी दाराआड सरकले.

जमीला म्हणाली, "बिब्याच्या झाडाखालून गेलती."

आमच्याकडे अजूनही मानतात, काहींना नुसत्या झाडाखालून गेलं तरी बिबा उततो. अम्मीने मानलं. विषय संपला.

त्यानंतर ती डाव्या हाताने तरोटा वाटायची. रोज. मी रडायला लागले की म्हणायची, "मेंदी लागते न, कोण पाह्यते मंग."

निकाहाला मेंदी कोपरापर्यंत काढली होती.

आणि तपासणीच्या दिवशी होस्टेलच्या बाईंनी माझी वेणी उचलली, मान पाहिली, वेणी सोडली. म्हणाल्या, नेक्स्ट.

नेक्स्ट! जमीला तेव्हा वणीला गेलेली. मी पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं, पास. ते तिला वाचून दाखवायची गरज नव्हती, सातवी फर्स्ट क्लास होती ती. माझ्याहून वर.

पस्तीस वर्षं शिकवलं मी. वर्गात कुणाला नायटा दिसला की सरळ डॉक्टरकडे पाठवायचे. बिब्याच्या वाटेला तर तुम्ही कुणी चुकूनही जाऊ नका.

काल वणीला पोचले. बायका तिला आंघोळ घालून बसल्या होत्या. तिची मुलगी मला बिलगून म्हणाली, "मावशी, अम्मी बिब्याच्या झाडाखाली काहून गेलती वो? सगळ्या जिंदगीत तो डाग गेला नाही तिचा."

साठ वर्षं! नवऱ्याला, मुलांना, नातवंडांना, सगळ्यांना तिने तेच सांगितलं होतं.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, झाड नव्हतं बेटा. बिबा माझा होता. थेंबही मीच टाकला.

मुलीने माझा हात धरून मला आत जमीलाजवळ नेलं.

जमीला, आज वर तुझी अम्मी भेटली की काय ते खरं सांगून टाक. माझं नाव घे.

तुझ्या मास्तरणीचा तुला शेवटचा सलाम.