रिकामी मोटर

मुलांनो, तेव्हा मी नागपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे आणि मुलींचे वसतिगृहही सांभाळत असे. ऐन परीक्षेत विहिरीवरच्या पंपाची मोटर दुसऱ्यांदा जळली. संध्याकाळपर्यंत पाणी आले नाही, तर मुलींना परीक्षा सोडून घरी जावे लागणार होते.

उमरेडकडचा एक मिस्त्री मोटरचे वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, नव्याने करून ती घेऊन आला. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. त्याने मोटर ओट्यावर ठेवून फिरवली. मी म्हटले, "चालते आहे ना? मग बसवून टाका."

"रिकामी तं कोणतीबी मोटर चालते, बाई. लोड दिल्यावर पाहा."

पंपाला जोडल्यावर ती किती तापते हे पाहायला तो मोटरला हाताची मागची बाजू लावून बसला. दहा मिनिटांत मोटर फार तापली, तसा त्याने स्विच बंद केला.

"मोटरले काहून दोष देता? पंपच जाम होऊन राहिला."

त्याने पंप उघडून झिजलेले बेअरिंग बदलले. मग टाकी भरेपर्यंत तो तसाच हात लावून बसून राहिला. मुली परीक्षेला बसल्या.

पुढे दरवर्षी मोटरचा धडा शिकवताना मी सगळ्यात आधी त्याचे रिकाम्या मोटरचे वाक्य फळ्यावर लिहीत असे, त्याच्याच बोलीत.