पडता काटा, वाढतं तेल

आमच्या घरी ट्रक एक होता आणि मालक दोन. स्टिअरिंगच्या बाजूचं सगळं ह्यांचं आणि बॉनेटखालचं सगळं मामंजींचं. ही वाटणी कोणी केलेली नव्हती, पण वडिलांच्या राज्यात हात घालायची आमच्या ह्यांची छाती नव्हती आणि केबिनमध्ये पाय ठेवायला मामंजींना कमीपणा वाटायचा. लढाईत वापरून झालेला, पेट्रोलवर चालणारा तो ट्रक अंगणात आला तेव्हा मी नवी नवरी होते. नारळ त्याच्यावरून ओवाळला, कुंकू त्याला लागलं, आणि मी तांदूळ निवडत बसले होते. हे मी अजून विसरलेले नाही.

ट्रक येईपर्यंत हे मुंबईला गिरणीत होते. आमच्या पोलादपूरच्या खोऱ्यात घरटी एक तरी माणूस मुंबईला, आणि बायकांनी नवरा बघायचा तो सणासुदीला. ट्रक आला म्हणून हे परत आले होते. ट्रक गेला तर हेही जाणार, इतकं ते सरळ होतं. त्यामुळे त्या लोखंडी सवतीच्या तब्येतीची काळजी घरात सगळ्यांत जास्त मला होती.

दुखणं सुरू झालं ते दिवाळीनंतर, भाताच्या फेऱ्या ऐन भरात असताना. कशेडीचा घाट अर्धा चढून झाला, इंजिन तापलं, की ऑइलचा काटा हळूहळू खाली बसायचा. हा काटा म्हणजे काय ते ह्यांनी मला जेवता जेवता समजावून सांगितलं. काटा वर असला म्हणजे तेल इंजिनाच्या सांध्यासांध्यात पोचतंय. पडला म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय, आणि एक दिवस सगळं जागच्या जागी आवळून बसणार. मला भात गिळवेना. ह्यांनी मात्र सांगून झाल्यावर आणखी वाढून घेतला.

मामंजींना हे मान्यच नव्हतं. सकाळी त्यांनी अंगणात ट्रक सुरू करायला लावला आणि दारातून डोकं आत घातलं. इंजिन गार, त्यामुळे काटा झटक्यात वर.

"हा बघ. माझ्यासमोर कसा ताठ उभा र्‍हातो. तुझा धाकच नाय रे त्याला."

मी दाराआड पदराचा बोळा तोंडात कोंबला. ह्यांनी महाडहून काट्याची दुसरी तबकडी आणून बसवली, तर घाटात तिचाही काटा पडला. "दोन्ही एकाच दुकानातल्या," मामंजी म्हणाले आणि विषय संपवला. पेट्रोल जास्त लागायला लागलं होतं, त्याचं खापरही मामंजींनी ह्यांच्या जड पायावर फोडलं.

शेवटी ह्यांनी महाडचा मेस्त्री आणला. पोट सुटलेला, बोलका गृहस्थ. त्याने एक लांब सळई घेतली, एक टोक चालू इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि भजनाला बसल्यासारखे डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास धरून उभे. बऱ्याच वेळाने डोळे उघडून तो म्हणाला, "बेअरिंगं गेली. इंजिन उतरवायला लागंल."

म्हणजे सगळा हंगाम ट्रक महाडला पडून राहणार, आणि तेवढं आमच्याने निभणार नाही, हे न बोलता सगळ्यांना कळलं. ह्यांनी हात पुसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "गिरणीत जागा हाय म्हणून मुंबईच्या खोलीवरच्यांचा निरोप आलाय. बघतो." सगळ्यांसमोर रडू फुटेल म्हणून मी चहाचं निमित्त करून आत गेले, आणि तेवढ्यात बाहेर मामंजी कडाडले.

"बेअरिंगं गेली? अरे, मोडकी गाडी तेल पिते! माझ्या गाडीत दिवाळीपासून थेंब घातला नाय मी. उलट..."

आणि त्यांनी जीभ चावली.

"उलट काय, मालक?" मेस्त्रीने विचारलं. मी चहा तसाच ठेवून दारात आले.

आमच्याकडे खळ्यावर भाताची रास मापताना कोणी बोलत नाही. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. रास अंदाजापेक्षा जास्त भरायला लागली तर मुळीच तोंड उघडायचं नाही. बोललं की बरकत गेली. मामंजी तर त्या वेळी शिंकसुद्धा दाबून धरायचे. आता तोंडातून अर्धं निसटल्यावर त्यांनी मेस्त्रीचं मनगट धरलं, त्याला बॉनेटपाशी नेलं, तेल बघायची पट्टी ओढून काढली आणि खुणेच्या चांगलं वर आलेल्या तेलावर मुकाट्याने बोट ठेवलं.

"वाढतंय?" मेस्त्री ओरडला.

मामंजींनी घाबरून त्याच्या तोंडावर हात धरला.

मेस्त्रीने तो हात बाजूला करून पट्टी नाकाला लावली. मग एक थेंब बोटावर घेऊन चोळला. तो पाण्यासारखा पळाला. "ओ मालक, तेल नाय वाढत. पेट्रोल उतरतंय त्यात! पेट्रोल खेचतो त्या पंपाचा पडदा फाटलाय. पातळ तेलाला जोर कुठला? काटा पडंल नायतर काय व्हईल?" बेअरिंगांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही.

हे काट्याकडे बघत राहिले, मामंजी पट्टीकडे, आणि एकाच घरात ह्यांचं मामंजींनी ऐकलं नव्हतं आणि मामंजींनी ह्यांना सांगितलं नव्हतं. मला इतकं हसू आलं की पदर पुरेना. बॉनेटवर रोज सकाळी झेंडूचं फूल कुठून येतं तेही मला आत्ता कळलं.

"अवो, पण बाबा, सांगायचं तरी," हे म्हणाले.

"वाढतं ते सांगत नाय," मामंजी पट्टी पुसत म्हणाले. "मला वाटलं, देवीच्या मनात हाय. गाडी र्‍हावी असं. गाडी र्‍हायली म्हणजे..." पुढचं त्यांनी गिळलं आणि मेस्त्रीवर खेकसले, "पडदा कुठं मिळतो ते सांग आधी!"

माझं हसू तिथेच थांबलं. देवीपुढे मीही रोज तेवढंच मागत होते, आणि मला वाटत होतं घरात मी एकटीच.

पडदा महाडला मिळाला. सगळं तेल काढून नवं भरलं. मामंजी जन्मात पहिल्यांदा केबिनमध्ये बसले आणि काट्यावरची नजर न हलवता भरल्या गाडीनिशी कशेडी चढून आले. काटा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी एक गाववाला मुंबईला निघाला होता. खोलीवरच्यांना काय सांगू, असं त्याने अंगणातून विचारलं. हे बॉनेटखाली वाकून पंपाचे नट आवळत होते. ते काही बोलायच्या आत मामंजी ओटीवरून म्हणाले, "त्यांना म्हणावं, दुसरा माणूस बघा. आमचा आम्हाला हितं लागतो."

पोराला असलं काही त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. गाववाला निघून गेला. पंपाचे नट केव्हाच आवळून झाले होते, पण हे किती तरी वेळ बॉनेटखालून वर आले नाहीत.